थँक्यू वही, फुटलेली बरणी आणि लिफ्टचा दरवाजा

या महिन्यात पत्रं जरा जास्तच आली, आणि बहुतेक सगळी आपल्या ठाणे-नवी मुंबईकडचीच. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही हे दरवेळी सांगते तसं परत सांगते, पाचपाखाडीतल्या टू बीएचकेमध्ये दोन मुलं घरी शिकवली, थोरली आता सोळाची, धाकटा बाराचा, आणि त्यात ज्या काय चुका केल्या त्यांच्या भांडवलावर हे सदर चाललंय. तर सुरू करूया.

प्रश्न: ताई, मी घोडबंदर रोडला राहते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, दोन वर्षं झाली दोघांना घरीच शिकवतोय. मुलांना कशाचीच किंमत राहिलेली नाही असं वाटायला लागलं म्हणून मी ‘थँक्यू वही’ सुरू केली, रोज झोपताना तीन गोष्टी लिहायच्या ज्यांच्याबद्दल थँक्यू म्हणावंसं वाटतं. शिवाय फ्रिजवर चांगल्या कामांचा चार्ट, एका कामाला एक स्टार, दहा स्टार झाले की आइस्क्रीम. पंधरा दिवस मस्त चाललं. आता मुलगी रोज ‘आई, बाबा, पिझ्झा’ लिहून वही बंद करते, पिझ्झा महिनाभर झालेला नाही तरी. आणि मुलगा लिफ्टचा दरवाजा धरून उभा राहतो, कुणी येवो न येवो, परवा सातव्या मजल्यावरचे आजोबा जिन्याने खाली आले आणि सेक्रेटरींकडे तक्रार केली. माझं कुठे चुकतंय?
– एक आई, ठाणे पश्चिम

उत्तर: अगं आधी मी पाच मिनिटं हसले, माफ कर. त्या आजोबांचं वाईट वाटलं, पण लिफ्ट धरून उभा असलेला तुझा शूर शिपाई डोळ्यांसमोरून जाईना.

वही आमच्याकडेही होती. थोरलीने एकदा सलग एक्केचाळीस दिवस ‘पंखा’ लिहिलं होतं, मी चिडून मोजले होते म्हणून आकडा लक्षात आहे. उन्हाळा होता, त्यामुळे खोटं लिहिलं होतं असं म्हणता येणार नाही. पण रोज रात्री साडेनऊला, डोळे मिटत असताना, आता तीन गोष्टी आठव म्हटलं की मोठी माणसंसुद्धा पंखाच लिहितील.

आमची वही बंद कशी पडली ते सांगते. थोरली तेव्हा तुझ्या मुलीएवढीच, नऊची. ओट्यावरून लोणच्याची काचेची बरणी काढताना हातून निसटली, फरशीवर काच आणि तेल आणि कैरीच्या फोडी, असा सगळा सडा. मी तिला लांब उभं केलं, काच गोळा केली, एका काळ्या पिशवीत भरली, गाठ मारली आणि सुक्या कचऱ्यात टाकून दिली. ओरडले नाही याचंच मला कौतुक, ते मी बहुतेक वहीतसुद्धा लिहून घेतलं असेल. तिसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगचा कचरा नेणाऱ्या मावशी आल्या तर अंगठ्याला चिंधी बांधलेली. थोरलीने विचारलं, मावशी काय झालं. त्या म्हणाल्या, ‘काच होती गं कुणाच्या तरी पिशवीत.’ कुणाच्या तरी. आमचीच होती हे त्यांना माहीत होतं का नव्हतं, मला आजपर्यंत विचारायचा धीर झाला नाही.

पोरगी आत आली आणि पलंगाखाली जाऊन बसली. दुपारी जेवली नाही. माझ्या तोंडावर भाषण अगदी तयार होतं, पण दोष तिचा नव्हताच ना, पिशवी मी बांधली होती, त्यामुळे गप्प बसले. संध्याकाळी तीच म्हणाली, मावशी पिशवी उघडतात कशाला. म्हटलं चल बघूया. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पार्किंगच्या पायरीवर जाऊन बसलो. मावशी प्रत्येक पिशवी हाताने सोडत होत्या, कारण घरांनी ओला-सुका एकत्रच कोंबलेला. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा ठेवायचा हा नियम २०१६ मध्येच आलेला, नोटीस बोर्डावर लागलेला पण होता, त्यावर कुणाच्या तरी सत्यनारायणाचं आमंत्रण चिकटवलेलं होतं. डायपर, उष्टं, ब्लेड, सगळं त्याच हातांनी. अर्धा तास बसलो, थोरली एक शब्द बोलली नाही, नुसत्या पिशव्या मोजत होती.

मग घरी येऊन तिने स्वतःच पद्धत काढली. काच वर्तमानपत्रात चार घड्या घालून गुंडाळायची, वरून टेप, आणि लाल स्केचपेनने मोठ्ठं ‘काच’. ते मावशींना दाखवायला घेऊन गेली. मावशी म्हणाल्या, अक्षरं कोण वाचतंय बाळा घाईत, लाल फुली मार, लांबून कळेल. म्हणजे तीन तासांच्या संशोधनाला मावशींनी दोन सेकंदांत सुधारून दिलं. मग ती आणि धाकटा (तो पाचचा, त्याला फक्त बेल वाजवण्यात इंटरेस्ट) दोन्ही विंगमध्ये घरोघरी सांगत फिरले. काहींनी ऐकलं, काहींनी दारातच विचारलं की सकाळी अकराला तुम्ही घरी कसे, शाळा नाही का. अजूनही आमच्या बिल्डिंगमध्ये काही घरांतून लाल फुलीची पुडकी खाली येतात, सगळ्यांतून नाही. घरात बल्ब गेला की थोरली न सांगता पेपर शोधते. हे तिने वहीत कधीच लिहिलं नाही, आणि मी पण त्यानंतर वही पुढे केली नाही.

तर तू चार्ट फाडून वगैरे टाकू नकोस, उगाच नाटक होतं, तो आपोआप एका कोपऱ्यातून सुटतो तसा सुटू दे आणि परत चिकटवू नकोस. ठरलेलं आइस्क्रीम मात्र देऊन टाक, तो शब्द आहे. पोराचं काही चुकलेलं नाही, तू भाव लावलास, तो माल आणतोय.

वहीऐवजी आमच्याकडे जेवताना एकच प्रश्न असतो, तोही रोज नाही, आठवेल तेव्हा. ‘आज आपलं काम कुणामुळे अडलं नाही?’ नुसतं थँक्यू कुणाला म्हणायचं असं विचारलं की मुलं आई-बाबा म्हणून मोकळी होतात, हा प्रश्न विचारला की शोधावं लागतं. तुमच्याकडे घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर येत असतील, तो ड्रायव्हर त्या ट्रॅफिकमधून गाडी काढून किती वाजता पोचतो, पाइप लावायला खाली कोण उतरतं, दूध साडेपाचला दारात असतं तर दूधवाला उठतो किती वाजता. यात तुझं गणित पण होतं, भूगोल पण होतो, वेगळा तास नको.

आणि अजून एक, आपल्याकडे थँक्यू तोंडाने म्हणायची पद्धत जुनी नाहीच, आपली पद्धत म्हणजे शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. माझी आई काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. हे काम सहा वर्षांच्या पोराकडे दे, परत जाणाऱ्या डब्यात काय घालायचं हे तो ठरवेल, आणि तू मधे बोलायचं नाही. आमच्या धाकट्याने एकदा समोरच्या काकूंच्या डब्यात येऊरहून उचलून आणलेली शिरीषाची वाळलेली शेंग घातली, हलवली की खुळखुळते ती. मला लाज वाटली, पुरणपोळीच्या बदल्यात शेंग. काकूंच्या टीव्हीशेजारी ती अजून आहे.

लिफ्टचं म्हणशील तर पोराला त्या सातव्या मजल्यावर पाठव, सॉरी म्हणायला. आणि आजोबा फिरायला किती वाजता उतरतात ते विचारून ये म्हणावं. बरोबर त्या वेळेला दरवाजा धरू दे की, कोण नाही म्हणतंय.

प्रश्न: आम्ही कळव्याला राहतो. मुलगा बारा वर्षांचा, सहावीपासून घरीच शिकतोय. सासूबाई रोज एकदा तरी म्हणतात पोराचं वाटोळं करतेयस, दहावीचं काय करणार, सर्टिफिकेट कोण देणार. त्यांच्याबद्दल मनात चांगलं ठेवायचा खूप प्रयत्न करते, नाही जमत. काय सांगू त्यांना?
– कळवा

उत्तर: आधी कागदाचं बोलूया, कारण सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे, फक्त विचारायची पद्धत सासूबाईंची आहे.

सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा जो २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, त्यात होमस्कूलिंगबद्दल वेगळं कलमच नाही, म्हणून लोक गोंधळतात. परीक्षेसाठी घरी शिकणारी बरीच मुलं एनआयओएस घेतात, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, केंद्र सरकारचं आहे, १९८९ पासून. दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे पाचही विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. मराठी माध्यमही आहे. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या हव्या असतील तर त्याही तिथे आहेत. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर सासूबाईंच्या पिढीलाही माहीत असेल, बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. फॉर्मच्या तारखा आणि फी मात्र दरवर्षी साइटवर बघायची, मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबायचं नाही. जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला एका फाइलमध्ये लावून ठेव, तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना बघ, तिथे लोक अडकतात.

आता ही फाइल सासूबाईंच्या हातात दे. भांडण म्हणून नाही, त्यांना चष्मा लावून वाचू दे. रोजची कटकट बरेचदा भीतीची असते, कागद दिसला की निम्मी कमी होते, निम्मी राहते, ती राहू दे.

आणि आजी-नातवाला आठवड्यातून एकदा ठाण्याला पाठव, एकच तर स्टेशन. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, वि. ल. भाव्यांनी सुरू केलेलं. आमची थोरली लायब्ररीची पुस्तकं घरी आणली की आधी खोडरबर घेऊन बसायची, आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघा खोडायला, ग्रंथपालांना विचारून हं. एका पुस्तकात कुणीतरी समासात लिहिलं होतं ‘साफ खोटे’, ते मात्र तिने ठेवलं. सासूबाईंना असं काम द्या, त्या खोडायला बसल्या की बोलायला वेळ मिळणार नाही (हे त्यांना वाचून दाखवू नकोस).

प्रश्न: ताई, तुमचं सदर वाचून मला कधी कधी रागच येतो. वॉचमनला थँक्यू, मावशींना थँक्यू, शेजारणीला डबा. मला कोण थँक्यू म्हणणार? पाचला उठते, नवऱ्याचा डबा, तीन मुलांचा नाश्ता, अभ्यास, परत स्वयंपाक, मोठ्याचं गणित, धाकटीची शी-शू, त्यातच सगळ्यांशी गोड बोलायचं. आणि संध्याकाळी नवरा बूट काढता काढता विचारतो, आज काय केलंस दिवसभर? मुलांना चांगलं वागायला शिकवायला मीच आधी चांगली नको का, आणि मी तर दिवसातून चारदा किंचाळते.
– नेरुळ

उत्तर: राग बरोबर आहे तुझा. आणि चारच वेळा किंचाळत असशील तर तू माझ्यापेक्षा शांत आहेस.

माझी एक गोष्ट सांगते, ही मी या सदरात आजवर लिहिली नव्हती. श्रावणाचे दिवस, चार दिवस पाऊस थांबलेला नाही, दोरीवर कपडे आंबट वास मारतायत, थोरलीचा भागाकार आणि धाकट्याचा ताप, आणि भागाकारात पोरगी दरवेळी बाकी लिहायची विसरतेय, दरवेळी. मी पेन्सिल टेबलावर आपटली, ती तुटली, ती रडली, तिला बघून तो रडला. मी बाथरूमची कडी लावून उपड्या बादलीवर बसले आणि पारले-जीचा अख्खा पुडा खाल्ला, कोरडा, चहाशिवाय. बाहेरून दोघं दार वाजवतायत, आई काय करतेयस, म्हटलं आंघोळ. संध्याकाळचे साडेचार वाजले होते.

तेवढ्यात दाराची बेल. खालच्या मजल्यावरच्या काकू. माझा चेहरा बघून काही विचारलं नाही त्यांनी, नुसतं म्हणाल्या, ‘दोन तास पोरं दे गं, कडवे वाल मोड आणून ठेवलेत, सोलायचेत.’ मी सवयीने म्हटलं, नको काकू, तुम्हाला कशाला त्रास, त्याला ताप पण आहे. तर त्या म्हणाल्या, ‘त्रास कसला, अर्धा किलो वाल आहेत आणि माझी बोटं आखडलीत. तापवाल्याला मांडीवर घेते, ती सोलेल.’ आणि घेऊन गेल्या सुद्धा. मी दार लावून खाली फरशीवरच आडवी झाले.

सोललेत का गं कधी वाल? कोमट पाण्यात घातले की साल सैल होते, मग दोन बोटांत दाबलं की डाळिंबी सुटते, आणि नीट धरली नाही तर सुळ्ळकन उडून समोरच्याच्या अंगावर. पोरं परत आली ती हसत, थोरलीच्या केसांत साल, हातात बिरड्याची वाटी, आणि सांगत होती की एका डाळिंबीचा काकांच्या चष्म्यावर नेम लागला. त्याचा ताप पण उतरला होता, तो वालांनी नाही, क्रोसिनने. पण पुढे जवळजवळ दोन वर्षं दर गुरुवारी पोरं खाली जायची, वाल नसले तर शेंगा, शेंगा नसल्या तर काकूंच्या सुईत दोरा ओवायला. आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी दुसऱ्याला डबे पोचवण्यात पटाईत आहे आणि कुणी मला काही द्यायला आलं की माझ्या तोंडून आधी ‘नको’ निघतं. का? घरी शिकवायचं ठरवलं ते आपण, मग दमलो असं म्हटलं तर लोक म्हणणार ‘सांगितलं होतं ना’, त्या भीतीने. तुझंही तसंच असणार, पैज लावते.

तर तुझ्या बिल्डिंगमध्ये अशी एखादी वालवाली काकू आहे का बघ, असतेच, आपण ‘नको नको’ करून तिला परत पाठवलेलं असतं.

आता नवरोबा. ‘काय केलंस दिवसभर’ याला उत्तर तोंडाने द्यायचं नाही. रविवार त्यांच्याकडे दे, पूर्ण, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अभ्यास, जेवण, भांडणं, शी-शू सगळं. मदत म्हणून नाही हं, मदत म्हटलं की काम आपलंच राहतं आणि ते पाहुणे. आणि तू घरात थांबायचं नाही, घरात असशील तर कुकरच्या शिट्ट्या तूच मोजशील. ज्वेल ऑफ नवी मुंबईला, त्या तळ्याकाठच्या बागेत, चक्कर मार, थंडी ते मेपर्यंतचे दिवस असतील तर पाम बीचकडच्या पाणथळीत फ्लेमिंगो असतात, बघत बस, आणि मुलांसाठी त्यांची माहिती गोळा करू नकोस! नुसतं बघ.

आमच्याकडे पहिल्या रविवारी अकरा वाजता फोन आला, तांदूळ कुठे असतात. बारा वर्षं झाली होती लग्नाला. पावणेबाराला परत, डाळ किती. मग फोन यायचे बंद झाले, त्यात जास्त भीती वाटली. संध्याकाळी घरी गेले तर सोफ्याच्या गाद्या जमिनीवर, गादीवर डाळ, पोरं अंघोळीविना पण खुशीत, आणि हे गृहस्थ खिडकीशी उभे, काही बोलले नाहीत. दहा मिनिटांनी माझ्यासमोर चहाचा कप आला, न मागता. साखर दुप्पट पडली होती. मी सगळा प्यायले.

प्रश्न: मी ऐरोलीत मुलाकडे राहतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. नात दहाची, नातू आठचा, घरीच शिकतात. त्यांचा सगळा अभ्यास इंग्रजीत आणि लॅपटॉपवर. मुलगा-सून चांगले आहेत, पण मला आपण घरात नुसते बसून खातो असं वाटतं. मी पोरांना काय शिकवणार?
– एक आजोबा, ऐरोली

उत्तर: काका, मेंटेनन्स फिटर घरात आहे आणि पोरं लॅपटॉपवर सायन्स शिकतायत, मला तुमच्या सूनबाईंशी बोलायला हवं.

घरातला किंवा शेजारचा एक गळका नळ शोधा. नातीला त्याखाली मापाचं भांडं ठेवायला सांगा, घड्याळ लावून एक तास, मग जेवढं पाणी साठलं त्याला चोवीसने गुणायचं, मग तीनशे पासष्टने. उत्तर बघून ती स्वतःच म्हणेल की दुरुस्त करूया. मग मेन कॉक बंद करणं, पान्हा कुठे धरायचा, जुना वायसर काढून नवा बसवणं, टेफलॉन टेप कुठल्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर काय होतं (मी गुंडाळली आहे, काय होतं मला माहितीये, ओटा भिजतो), हे त्यांना तुमच्याशिवाय कोण दाखवणार. पहिला नळ त्यांना बिघडवू द्या, तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसा आणि हात पाठीमागे बांधून ठेवा, फिटर माणसाला हे सगळ्यात अवघड जाईल.

आबिद सुरती माहीत असतील तुम्हाला, लेखक-चित्रकार, ‘बहादूर’ कॉमिक्सवाले. त्यांनी २००७ मध्ये मिरा रोडला हेच सुरू केलं, रविवारी सकाळी एक प्लंबर बरोबर घेऊन लोकांच्या घरी जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. ड्रॉप डेड नाव ठेवलं. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. तुम्हाला तर प्लंबर बरोबर न्यायची पण गरज नाही, तुम्हीच आहात. बिल्डिंगमध्ये एक वही फिरवा, कुणाचा नळ गळतो, आणि रविवारी दोन घरं घ्या, जास्त नको. वायसर काही रुपयांचा असतो, त्याचे पैसे लोक देतील, मजुरी म्हणून पोरांना लिंबू सरबत मिळेल.

आणि ऐरोलीत राहताय तर खाडीवर न्या एकदा. आपली ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तुमच्याकडेच त्याचं केंद्र आहे, सीझनला बोटीने पक्षी दाखवतात. येताना पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी खाली फेकणारे दिसतील, पोरं विचारतील का फेकतात. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुम्हीच बघा.

एक सांगायचं राहिलं. दसऱ्याला तुमची हत्यारांची पेटी काढा, पूजेला. आमच्याकडे पोरं झेंडूची फुलं मिक्सरला वाहतात, लॅपटॉपला वाहतात, एका वर्षी धाकट्याने खाली जाऊन वॉचमन काकांच्या टॉर्चला हार घातला, त्यांनी तो दिवाळीपर्यंत काढला नाही, टॉर्च लावली की पाकळ्यांच्या सावल्या पडायच्या. तुमच्या पान्ह्याला हळदकुंकू नातीच्या हातून लागू द्या.

प्रश्न: मी अकरा वर्षांचा आहे. मी घरीच शिकतो. आमच्या बिल्डिंगमधले काका लोक लिफ्टमध्ये विचारतात शाळा कुठली. मी सांगितलं की मग सतराचा पाढा विचारतात. मला येतो पण लिफ्टमध्ये विसरतो. आई म्हणते सगळ्यांशी चांगलं वागायचं. अशा काकांशी पण वागायचं का?
– वाशी, सेक्टर सांगणार नाही

उत्तर: सेक्टर सांगू नकोस, बरोबर केलंस.

वागायचं, पण त्यांचा पाढा म्हणून दाखवलाच पाहिजे असं काही नाही. आमच्या धाकट्याला पण एक असे काका होते, तिसऱ्या मजल्यापर्यंत पाढा संपवायचा असा त्यांचा हिशोब. एक दिवस त्याने उलटं विचारलं, काका तुम्हाला पावकी येते का. पावकी म्हणजे पावाचा पाढा, त्याला आजीने सांगितलेलं. काकांचा चेहरा असा खुलला म्हणे, पावकी झाली, निमकी झाली, पाऊणकी झाली, आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणता म्हणता आमचा मजला येऊन गेला, लिफ्ट वर गेली, परत खाली आली, ते चालूच. नंतर कळलं की त्यांची मुलं परदेशात आहेत आणि दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं. आता रविवारी दोघं कॅरम खेळतात आणि काका चीटिंग करतात, क्वीन घेतली की कव्हर न घेता खिशात घालतात.

तू पण पावकी विचारून बघ. नाही आली त्यांना तर मात्र हसू नकोस, ‘मला पण नाही येत’ म्हण आणि उतर.

आणि सतरा नवे एकशे त्रेपन्न. बहुतेक काका तिथेच पकडतात.